परदेशी पार्सल आणि कस्टम: कोकणातल्या छांदिष्टांसाठी पहिल्या ऑर्डरची वाट

पाच मिलिमीटरची लाकडी कप्पी मला मालवणात मिळाली नाही, कोल्हापुरात मिळाली नाही आणि मुंबईत दोन दिवस फिरूनही मिळाली नाही. मी जुन्या गलबतांच्या आणि गुराबांच्या लाकडी प्रतिकृती करतो. डोलकाठी, शीड, सुकाणू हे सगळं हातानं होतं. पण एका गलबताला अशा साठ-सत्तर कप्प्या लागतात आणि त्या एकसारख्या असाव्या लागतात. शेवटी परदेशातून मागवल्या. पहिल्या पार्सलच्या वेळी पोस्टमन दारात येऊन म्हणाला, "भाऊंनू, पार्सलाक कस्टम लागला हा, पैशे काढून ठेवा." किती लागलं, कशावर लागलं, बरोबर लागलं का, यातलं मला काहीच कळलं नव्हतं.

आता देवगडचा गळ टाकणारा कोणी रीळ मागवायचं म्हणून विचारतो, चिपळूणची कॉलेजातली मुलगी सेन्सरच्या पट्ट्यांसाठी विचारते, सावंतवाडीहून कोणी जलरंगाच्या कागदासाठी फोन करतं. प्रश्न तेच असतात, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतो आहे. ऑर्डर देण्याआधी हिशेब केला आणि कागद खरे ठेवले, तर कस्टमची भीती बाळगायचं कारण नाही. पुढचं सगळं याच दोन गोष्टींबद्दल आहे.

आधी तीन गैरसमज काढून टाका

पहिला गैरसमज: "छोट्या रकमेला ड्युटी लागत नाही." परदेशी व्हिडिओंमध्ये हे हमखास ऐकू येतं. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला ड्युटी माफ होती, ती सवलतही २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांच्या मालासाठी बंद झाली. मुळात तो नियम त्यांच्या देशात येणाऱ्या मालाचा होता, आपल्याकडे येणाऱ्या मालाशी त्याचा संबंध नव्हता. आपल्याकडे विकत घेतलेल्या मालाला अशी मोफत मर्यादा नाही. दहा डॉलरच्या पाकिटालाही ड्युटी लागू शकते. एखादं पाकीट तसंच सुटून आलं, तर पुढचंही सुटेल असं धरून बजेट करू नका.

दुसरा: "विक्रेत्याला गिफ्ट लिहायला सांगायचं." पूर्वी ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूला सूट होती. तिचा इतका गैरवापर झाला, की डिसेंबर २०१९ मध्ये ती काढून घेतली. आता ड्युटीमाफ भेट म्हणून फक्त जीवरक्षक औषधं आणि राखी येऊ शकते. राखी म्हणजे फक्त राखी. बहिणीनं सोबत पाठवलेला चॉकलेटचा डबा त्यात बसत नाही. विकत घेतलेल्या मालावर गिफ्ट लिहून काही वाचत नाही, उलट कागद खोटा ठरतो.

तिसरा: "रत्नागिरीत कस्टमचं ऑफिस आहे, तिथे ओळख काढू." किनाऱ्यावरची कस्टमची कार्यालयं समुद्रावरची गस्त आणि बंदरं सांभाळतात. तुमचं पार्सल तिथे येत नाही. टपालानं आलं तर ते परदेशी टपाल कार्यालयात उघडतं, आपल्या बाजूचं बहुतेक टपाल मुंबईत बॅलार्ड इस्टेटला. कुरिअरनं आलं तर मुंबईच्या विमानतळावरच्या कुरिअर टर्मिनलमध्ये. तुमच्या गावात पोहोचेपर्यंत सगळा निर्णय झालेला असतो.

हिशेब: हा भाग वहीपेन घेऊन वाचा

ड्युटी फक्त वस्तूच्या किमतीवर लागत नाही. वस्तूची किंमत, पाठवण्याचं भाडं आणि विमा मिळून जी रक्कम होते, तिला करपात्र मूल्य म्हणू. विमा काढलेला नसेल किंवा त्याचा आकडा माहीत नसेल, तर वस्तूच्या किमतीच्या १.१२५ टक्के धरतात. भाड्याबद्दल एक नियम फार कमी जणांना माहीत असतो: माल विमानानं आला असेल, तर मूल्यात धरायचं भाडं वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. छोट्या ऑर्डरमध्ये भाडं नेहमीच वस्तूच्या मानानं फार असतं, त्यामुळे हा नियम आपल्यासारख्यांच्याच कामाचा. ड्युटीचा कागद हातात आला की मी सगळ्यात आधी हे पाहतो.

या मूल्यावर तीन थर चढतात. पहिला मूळ सीमाशुल्काचा. दुसरा समाजकल्याण अधिभाराचा, तो मूळ शुल्काच्या १० टक्के असतो, मालाच्या किमतीच्या नव्हे. तिसरा आयजीएसटीचा, म्हणजे आयातीवर लागणाऱ्या जीएसटीचा, आणि तो मूल्य अधिक पहिले दोन थर यांच्या बेरजेवर लागतो. म्हणजे करावरही कर. नवखा माणूस इथेच चुकतो: १० टक्के मूळ शुल्क आणि १८ टक्के आयजीएसटी मिळून २८ टक्के म्हणतो आणि मग जास्त का आलं म्हणून भांडतो.

वैयक्तिक वापरासाठी टपालानं किंवा विमानानं आलेल्या मालाला सीमाशुल्काच्या दरपत्रकात स्वतंत्र शीर्षक आहे, ९८०४. हा आकडा पाठ करून ठेवा. या शीर्षकाखाली मूळ शुल्क ३५ टक्के आणि आयजीएसटी २८ टक्के असताना एकूण भार ७७.२८ टक्के व्हायचा. शंभराच्या वस्तूला सत्त्याहत्तर रुपये कर! त्या काळात छंद सोडून दिलेले लोक मला माहीत आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचा २८ टक्क्यांचा टप्पाच गेला आणि या मालाला १८ टक्के लागू झाले. २०२६ च्या अर्थसंकल्पात वैयक्तिक वापराच्या मालाचं मूळ शुल्क, जे मधल्या काळात ३५ वरून २० झालं होतं, ते १० टक्क्यांवर आणण्याचं जाहीर झालं. दर असे हलतात, म्हणून ऑर्डरच्या दिवशी आइसगेट या कस्टमच्या संकेतस्थळावर चालू दर बघायचा. रीत मात्र तीच राहते.

आता माझ्या वहीतलं एक गणित. समजा कप्प्या आणि दोर मिळून ५० डॉलर, पाठवणावळ १८ डॉलर. डॉलरचा दर सोयीसाठी ९० धरू. (कस्टम स्वतःचा जाहीर केलेला विनिमय दर लावतं, बँकेचा नाही. फरक थोडाच असतो, पण असतो.)

वस्तूंची किंमत ४,५०० रुपये.
पाठवणावळ १,६२० रुपये, पण मूल्यात धरायची फक्त ९०० रुपये, कारण ४,५०० चे २० टक्के ९०० होतात.
विमा साधारण ५१ रुपये.
करपात्र मूल्य ५,४५१ रुपये.
मूळ शुल्क १० टक्क्यांनी ५४५ रुपये.
अधिभार त्याच्या १० टक्के, म्हणजे सुमारे ५५ रुपये.
या तिन्हींची बेरीज ६,०५१ रुपये. तिच्यावर १८ टक्के आयजीएसटी १,०८९ रुपये.
एकूण ड्युटी १,६८९ रुपये.

मूल्याच्या मानानं हे जवळपास ३१ टक्के झाले. मूळ शुल्क २० टक्के असतं, तर याच रीतीनं ४४ टक्क्यांच्या आसपास गेले असते.

खिशातून एकूण किती गेले ते बघा. वस्तू ४,५००, पाठवणावळ पूर्ण १,६२० (मूल्यात ९०० धरले तरी विक्रेत्याला १,६२० दिलेलेच आहेत) आणि ड्युटी १,६८९. झाले ७,८०९. कार्डावर परकीय चलनाचा आकार साडेतीन टक्के असेल, तर तो आणि त्यावरचा जीएसटी मिळून आणखी अडीचशे रुपये. साडेचार हजारांच्या कप्प्या आठ हजारांना पडल्या. आणि नीट पाहिलंत तर पाठवणावळ आणि ड्युटी जवळपास सारखीच आहे. लोक ड्युटीच्या नावानं बोटं मोडतात, पण छोट्या ऑर्डरमध्ये पाठवणावळही तितकीच कापते. म्हणून ती कमी करण्याकडे आधी लक्ष द्यावं.

हेच तीनदा ५० डॉलरचं मागवलं तर २३,४२७ रुपये जातात, कार्डाचा आकार सोडून. एकदाच १५० डॉलरचं मागवलं आणि पाठवणावळ २५ डॉलर पडली, तर वस्तू १३,५००, पाठवणावळ २,२५० आणि ड्युटी सुमारे ४,९२६, म्हणजे २०,६७६ रुपये. पावणेतीन हजार वाचले. कुरिअर असेल तर त्यांची हाताळणी फीही तीनदा न लागता एकदाच लागते. मी वर्षातून दोनदाच मागवतो. भिंतीवर कागद लावला आहे, लागेल ते त्यावर लिहीत जातो.

एकत्र मागवण्यालाही मर्यादा आहे. एकाच मापाची वीस रिळं एका नावावर आली, तर ती वैयक्तिक वापरासाठी आहेत हे कोणी का मानावं? पाच मित्रांनी मिळून एका नावावर मागवलं की असंच होतं. मग माल व्यापारी समजला जातो, त्या त्या वस्तूचा दर लागतो आणि आयात-निर्यात कोड मागितला जातो. वैयक्तिक वापराच्या मालाला हा कोड लागत नाही, ही सवलत एकत्र मागवण्याच्या नादात घालवू नका.

छापील पुस्तकांचं गणित वेगळं आहे. त्यांच्यावर २०१९ च्या अर्थसंकल्पात ५ टक्के मूळ शुल्क आलं, पण आयजीएसटी नाही. पुस्तक आणि वस्तू एकाच खोक्यात मागवली असेल, तर बिलात दोन्हींची किंमत वेगळी दिसली पाहिजे. जहाजाचे आराखडे मी कागदावर मागवतच नाही. विक्रेता पीडीएफ देतो, ती रत्नागिरीला मोठ्या कागदावर छापून आणतो.

टपाल की कुरिअर

माझं मत स्पष्ट आहे: घाई नसेल आणि वस्तू नाजूक नसेल तर टपाल. टपालात ड्युटी पार्सलवरच्या चिठ्ठीवर लिहून येते, टपाल खात्याची थोडी फी तिच्यात मिळते आणि पैसे पोस्टमनच्या हातात किंवा पोस्टाच्या खिडकीवर देता येतात. वाडीवस्तीवर राहणाऱ्यांना तर याला तोड नाही. कुरिअरची गाडी तालुक्याच्या पलीकडे येत नाही, आली तर दूरच्या गावाचा जादा आकार लावते. पोस्टमन मात्र खाडीपलीकडच्या घरीही जातो, आणि घराला नंबर नसला तरी त्याला घर माहीत असतं.

टपालाचे दोष दोन: वेळ सांगता येत नाही, आणि साध्या पाकिटाला ट्रॅकिंग नसतं. थोडे जास्त पैसे देऊन नोंदणीकृत सेवाच घ्या. अशा पार्सलचा क्रमांक तेरा खुणांचा असतो: दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरं. तसा क्रमांक असेल तर तो भारतीय टपालाच्या संकेतस्थळावर चालतो. विक्रेत्यानं भलताच लांबलचक आकडा दिला, तर माल कोणत्या सेवेनं येतोय ते पैसे देण्याआधी विचारून घ्या.

कुरिअर दहा दिवसांत आणतं, पण कंपनी तुमच्या वतीनं ड्युटी भरते आणि त्याबद्दल स्वतःची फी लावते. छोट्या ऑर्डरला ती फी ड्युटीइतकीच होऊ शकते. काही विक्रेते पैसे घेतानाच कर धरतात. तसं असेल तर "ड्युटी भरलेली" असा शब्द बिलावर लिहून घ्या, नाहीतर दारात पुन्हा मागणी होते.

समुद्रमार्गानं स्वस्तात पाठवतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. बंदरात माल सोडवायला कस्टम एजंट लागतो, आणि त्याच्या फीत आपली अख्खी ऑर्डर जाते.

हे मागवू नका

सगळ्यात आधी बियाणं आणि रोपं. कोकणात प्रत्येक घरामागे परसू आहे, त्यामुळे हा मोह इथे मोठा. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार बियाण्यांसाठी आयात परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचा रोगमुक्तीचा दाखला लागतो. वीस डॉलरच्या बियांसाठी हे कोणी करत नाही. पण नियम म्हणून नको, आपल्या बागांसाठी नको. हापूस, काजू, सुपारी यांच्यावर बाहेरून आलेला एखादा रोग पसरला तर तो एका परसात थांबणार नाही. मी याच कारणानं कच्च्या लाकडाच्या पट्ट्याही बाहेरून मागवत नाही. लाकूडही याच आदेशाच्या कक्षेत येतं, आणि साग, शिवण, फणस आपल्याच गिरणीत हव्या त्या जाडीचा कापून मिळतो.

ड्रोन. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनची आयात बंद आहे, पूर्ण असो की सुट्या भागांचा जोडायचा संच असो. नुसते घटक आणता येतात. किल्ल्यांचं वरून चित्रण करायचं म्हणून मुलं विचारतात. त्यांनी भारतात बनलेला घ्यावा, आणि उडवण्याचे नियम वेगळे वाचावेत.

बिनतारी यंत्रं. रिमोटचे ट्रान्समीटर, वॉकीटॉकी, रेडिओ संच यांना दूरसंचार खात्याची उपकरण-मंजुरी लागते, हौशी रेडिओला परवानाही लागतो. उपग्रह फोन तर कुठल्याही परिस्थितीत नको. खोल समुद्रात रेंज नसते म्हणून कोणी सुचवतं, पण परवानगीशिवाय तो जवळ बाळगणं गुन्हा आहे आणि किनाऱ्यावर याची तपासणी कडक असते.

रंग, थिनर, स्प्रे, सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानानं सहज येत नाहीत, वाटेतच काढून ठेवतात. खेळण्यांवर २०२० मध्ये शुल्क २० वरून ६० टक्के झालं आणि १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक चिन्ह सक्तीचं आहे. म्हणून प्रतिकृतीच्या संचाचं वर्णन बिलात नुसतं "खेळणं" असं येऊ देऊ नका. तो मोठ्यांसाठीचा जोडणीचा संच असेल तर तसंच लिहिलेलं हवं.

इलेक्ट्रॉनिक भागांसाठी परदेशाआधी मुंबईतला लॅमिंग्टन रोड बघा. ३१ टक्के ड्युटी आणि पाठवणावळ धरली, की तिथला महाग वाटणारा भाग बरेचदा स्वस्त ठरतो, आणि तो गाडीनं दुसऱ्या दिवशी घरी येतो.

कागद, नाव आणि पत्ता

पार्सल अडकतं ते बहुतेक वेळा ड्युटीमुळे नाही, कागदामुळे. ऑर्डर देतानाच विक्रेत्याला एक निरोप लिहा: बिल खोक्याच्या बाहेर पाकिटात लावा, प्रत्येक वस्तूचं साधं वर्णन, नग, किंमत आणि पाठवणावळ वेगळी लिहा, किंमत खरी लिहा. "पार्ट्स" किंवा "सॅम्पल" असं लिहिलेलं बिल अधिकाऱ्याला काहीच सांगत नाही. "जहाजाच्या प्रतिकृतीसाठी लाकडी कप्पी, ५ मिमी, ६० नग" असं लिहिलं तर त्याला खोकं उघडण्याचीही गरज पडत नाही.

काही विक्रेते आपणहून किंमत कमी लिहितात आणि त्याला ग्राहकसेवा समजतात. त्यांना आधीच नको म्हणून सांगा. अधिकारी तीच वस्तू संकेतस्थळावर पाहतो आणि किंमत वाढवतो. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यात खोट्या किमतीसाठी माल जप्त करण्याची आणि दंडाची तरतूद आहे. शिवाय पार्सल हरवलं तर भरपाई बिलातल्या किमतीवरच मिळते.

नाव आधार किंवा पॅनवर आहे तसंच्या तसं द्या. आपल्याकडे बायकांच्या बाबतीत हे फार घडतं: कागदावर माहेरचं नाव, ऑर्डरवर सासरचं. मुलांच्या नावावर तर मागवूच नका, आईवडिलांच्या नावावर मागवा.

पत्ता इंग्रजीत लिहा, पण गावच्या पद्धतीनं पूर्ण: घर, वाडी, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड. परदेशी फॉर्ममध्ये वाडीला जागा नसते, ती पत्त्याच्या दुसऱ्या ओळीत घाला. एकाच नावाची गावं आपल्याकडे दोन-दोन तालुक्यांत आहेत, म्हणून तालुका वगळू नका. मोबाइल नंबर ९१ लावून द्या, आणि ज्या फोनला घरात रेंज येते तोच द्या.

मुंबईतल्या नातेवाइकाच्या पत्त्यावर मागवायची आपली जुनी सवय आहे. चाकरमानी गणपतीला येताना घेऊन येतात. चालतं, पण मग ऑर्डर त्याच्याच नावावर आणि त्याच्याच ओळखपत्रावर करा. नाव तुमचं, पत्ता त्याचा आणि फोन तिसऱ्याचा, असं पार्सल हमखास थांबतं. आखातातून येणारा भाऊ सामानात आणणार असेल, तर त्याला बॅगेज नियमांतली मर्यादा लागू होते. तो वेगळा हिशेब आहे, बिल मात्र तिथेही सोबत हवं.

पैसे भरण्याआधी कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून घ्या. २०२० पासून बँका तो मुळात बंदच ठेवतात. काम झालं की पुन्हा बंद करा.

कधी मागवायचं

टपालाचे सहा आठवडे धरून उलटं मोजा. जून ते सप्टेंबर माल वाटेत असू नये. पाऊस, घाटातल्या दरडी, वीज जाणं, आणि मुख्य म्हणजे दमट हवा. पातळ लाकूड आणि कागद पोस्टात चार दिवस पडला तरी वाकतो. गणपतीच्या पंधरवड्यात तर सगळा रस्ता आणि सगळी माणसं दुसऱ्याच कामात असतात. मी नोव्हेंबरात आणि फेब्रुवारीत मागवतो. पावसाळ्यात मागवणं भागच असेल, तर आतून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून, ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून पाठवायला सांगा.

पार्सल कस्टममध्ये थांबलं तर

ट्रॅकिंगवर "कस्टमकडे" असं आठवडाभर दिसणं ही अडचण नाही, ती रांग आहे. तुमच्याकडून काही हवं असेल तर पत्र, मेल किंवा मेसेज येतो. त्यात साधारण तीन गोष्टी मागतात: बिल, पैसे भरल्याचा पुरावा आणि ओळखपत्र. या तिन्हींचा एक संच ऑर्डरच्या दिवशीच मोबाइलमध्ये करून ठेवा. सोबत दोन ओळींचं पत्र जोडा: वस्तू काय आहे, स्वतःच्या छंदासाठी आहे, विक्रीसाठी नाही.

उत्तर लगेच द्या. एका जुलैत आमच्याकडे सलग चार दिवस वीज आणि रेंज नव्हती. कुरिअरचा ओळखपत्र मागणारा मेसेज त्याच दिवसांत आला. मी पाहिला तेव्हा गोदामाचं भाडं चढायला लागलं होतं, आणि पुढे दोन दिवसांत फोन न लागल्यानं पार्सल परत गेलं. तीन महिने वाट पाहिलेलं सामान होतं, फार वाईट वाटलं. तेव्हापासून माल वाटेत असताना मी दिवसाआड ट्रॅकिंग बघतो आणि दुसरा नंबर पुण्यातल्या भाचीचा देतो.

ड्युटी जास्त वाटली तर आधी वरचं गणित करून बघा. भाडं २० टक्क्यांपेक्षा जास्त धरलं आहे का, शीर्षक कोणतं लावलं आहे, डॉलरचा दर कोणता आहे, हे तपासा. चूक दिसली तर टपालाचं पार्सल सोडवण्याआधी पोस्टमास्तरांमार्फत फेरतपासणीचा अर्ज द्या, सोबत बिल जोडा. कुरिअरला ड्युटीचा कागद मागा, तो मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. आदेशाविरुद्ध आयुक्तांकडे अपील करायला ६० दिवस मिळतात, पण चारशे रुपयांसाठी तिथवर जाण्यापेक्षा आधी साधं पत्र लिहावं. वाद न घालता नीट लिहिलेल्या पत्राला मला उत्तर मिळालेलं आहे.

वस्तू खराब निघाली आणि विक्रेता "फुकट बदली" पाठवणार असेल, तर त्या बदली वस्तूवरही ड्युटी लागू शकते. शून्य किमतीचं बिल चालत नाही, खरी किंमत लिहावी लागते. म्हणून स्वस्त वस्तू बदलून घेण्यापेक्षा मी पैसे परत मागतो.

खोटे मेसेज

"तुमचं पार्सल अडकलं आहे, या लिंकवर पंचवीस रुपये भरा." असा मेसेज पार्सल वाटेत असतानाच आला, की हात आपोआप लिंककडे जातो. भरू नका. ट्रॅकिंग क्रमांक स्वतः संकेतस्थळावर टाकून बघा. कस्टम अधिकारी म्हणून कोणी फोन केला, पार्सलमध्ये बेकायदा माल सापडला म्हणाला आणि कॅमेऱ्यासमोर बसवायला लागला, तर फोन ठेवा आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर कळवा. कस्टमच्या खऱ्या पत्रावर ८ नोव्हेंबर २०१९ पासून एक ओळख क्रमांक असतो, तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. कुठलाही अधिकारी स्वतःच्या खात्यावर किंवा मोबाइल नंबरवर ड्युटी घेत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही हे सांगून ठेवा, कारण दुपारी फोन तेच उचलतात.

पार्सल हातात आल्यावर

पोस्टमनसमोर खोकं चारी बाजूंनी बघा. फाटलेलं किंवा भिजलेलं असेल तर घेण्याआधीच फोटो काढा आणि पावतीवर तशी नोंद करून मागा. उघडताना व्हिडिओ काढा, कारण परतावा मागताना विक्रेता तोच मागतो. ड्युटीची चिठ्ठी खोक्यावरून अलगद काढून बिलाला टाचा. नंतर वस्तू विकायची किंवा दुरुस्तीला परदेशी पाठवायची वेळ आली, तर ती कायदेशीर आल्याचा तोच पुरावा असतो.

मग वहीत एक ओळ लिहा: वस्तू, किंमत, पाठवणावळ, ड्युटी, फी, एकूण, लागलेले दिवस. माझ्या वहीत अशा सतरा ओळी आहेत. गेल्या वेळी अंदाज आणि प्रत्यक्ष ड्युटी यांत अकरा रुपयांचा फरक आला, तो डॉलरच्या दराचा होता. लाकडाच्या वस्तू मात्र लगेच पेटीत बंद करू नका, दोन दिवस सावलीत हवेवर राहू द्या. कप्प्या थोड्या फुगतात, मग बसतात, आणि त्यानंतरच त्यांतून दोर ओवायला घ्यावा.